लेकराला मातीचं नाव ठेवायचंय? निवडीपासून दाखल्यापर्यंत

माझ्या भाचीचं नाव उर्वरा आहे. उर्वरा म्हणजे सुपीक जमीन, जिच्यात जे पेराल ते उगवतं अशी. नाव मी सुचवलं, बारशाला तिच्या कानात मीच सांगितलं, आणि ते दवाखान्याच्या रजिस्टरपासून आधारपर्यंत एकसारखं उतरावं म्हणून भावजयीसोबत कचेऱ्यांच्या पायऱ्याही चढले. तेव्हापासून दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाकडे पाळणा हलला की बाया विचारायला येतात, "आमच्याही पोरीले असं वावराचं नाव सांगा ना." त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे. पहिलंच लेकरू असेल तर हे शेवटपर्यंत वाचा, कारण नाव सुचणं त्यातल्या त्यात सोपं असतं. ते टिकवताना खरी दमछाक होते.

१. आधी आपली जमीन ओळखा

भूमी, धरा, वसुधा ही नावं चांगलीच आहेत, पण ती कुठल्याही गावाची होऊ शकतात. तुमच्या लेकराचं नाव तुमच्या शिवारातून यावं असं वाटत असेल तर आधी शिवार नीट पाहा. विदर्भाची जमीन काही एकसारखी नाही. अमरावती, अकोला, बुलडाण्याचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा घ्या. वर खोल काळी माती आणि खाली खारं पाणी. विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, म्हणून पावसाच्या ओलीवर मूग काढायचा आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा. यवतमाळकडे गेलात की बरड आणि मुरमाड लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपुरात धानाच्या बांध्या, बोड्या (छोटी तळी) आणि मालगुजारांच्या काळातले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. मेळघाटात सगळा पहाड.

पहिलं काम असं करा: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि आपल्या वावरांची नावं लिहून घ्या. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण माणसांच्या तोंडी प्रत्येक वावराला नाव असतं. आमच्या घरी आंब्याचं वावर आहे (आंबा केव्हाच तुटला), पांदणीजवळचं आहे आणि नाल्यावरचं आहे. नाल्यावरच्या वावराबद्दल बाबा म्हणाले, "त्यात काहीबी टाक, येतेच." उर्वरा या शब्दाचा अर्थ याहून चांगला मला कोणी सांगितलेला नाही. आमचं नाव त्या वाक्यावरून ठरलं.

तुमच्या घरून दुसरंच काही निघेल. तलावाकाठची, पाणथळ जमीन असेल तर मुलासाठी अनूप हे नाव पाहा. अनूप म्हणजे अनुपम असं बहुतेकांना वाटतं, पण जुन्या संस्कृतात अनूप म्हणजे पाण्यानं भरलेला प्रदेश. आयुर्वेदात जांगल (कोरडा) आणि आनूप (पाणथळ) असे देशाचे प्रकारच सांगितले आहेत. धानपट्ट्यातल्या मुलाला इतकं जवळचं नाव मिळणार नाही. एखाद्या वावराऐवजी सगळ्या प्रदेशाचंच नाव हवं असेल तर वैदर्भी आहे. विदर्भाची राजकन्या म्हणून दमयंतीला आणि रुक्मिणीलाही वैदर्भी म्हटलं जातं. कोरकू, गोंड, माडिया घरांतल्या आईबापांना मात्र मी एवढंच म्हणेन की संस्कृत कोशाकडे वळायच्या आधी आपल्या आजीला विचारा. माती, पहाड, रान यांचे तुमच्या भाषेतले शब्द तिच्याजवळ आहेत, आणि ते आमच्या कोशांत सापडायचे नाहीत.

२. अर्थ कोशात पाहा

मोबाइलवर 'मुलींची नावे अर्थासह' असं शोधलं की शेकडो याद्या येतात आणि त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. तिथे नाव सुचू द्या, अर्थ मात्र कोशातच पडताळा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि आपट्यांचा संस्कृत कोश हे तिन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ते जमत नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात जा किंवा शाळेतल्या संस्कृतच्या सरांना गाठा.

उर्वराचा अर्थ आम्ही अमरकोशात पाहिला. भूमिवर्गात उर्वरा म्हणजे सर्व पिकांनी समृद्ध अशी जमीन, आणि त्याच ओळीत पुढे लगेच ऊष, म्हणजे खारी माती. खारपाणपट्ट्यातल्या आम्हा माणसांना ती ओळ वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. आमच्या गावात या दोन्ही जमिनी एकमेकींच्या धुऱ्याला धुरा लावून आहेत.

काही नावं पाहताना थोडं थांबा. धरा म्हणजे पृथ्वी आणि धारा म्हणजे प्रवाह. एका कान्याचा फरक, पण इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं, म्हणून कागदोपत्री धराची धारा फार वेळा होते. पृथा हे कुंतीचं नाव आहे, याद्यांमध्ये ते सरळ पृथ्वी म्हणून खपवलेलं असतं. भौम म्हणजे भूमीचा पुत्र, ऐकायलाही भारदस्त. पण भौम म्हणजे मंगळ ग्रहही, आणि नरकासुराला भौमासुर म्हणतात. पत्रिका मानणाऱ्या घरात हे बारशानंतर कळलं तर उगाच कटकट होते. क्षिती म्हणजे पृथ्वी, पण त्याच शब्दाचा एक अर्थ नाशही आहे. मेदिनी मला स्वतःला फार आवडतं, फक्त त्याच्यामागे मधु-कैटभ दैत्यांच्या मेदाची कथा आहे, ती वाचून मग ठरवा. यातलं कोणतंही नाव वाईट नाही. अर्थ माहीत असताना ठेवा, इतकंच माझं म्हणणं आहे, कारण पुढे लेकरू तुम्हालाच विचारणार आहे.

सीता हे तर जमिनीचं फार जुनं नाव. सीता म्हणजे नांगराचं तास. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिरही आहे. तरी आपल्याकडे म्हातारी माणसं "वनवास येते" म्हणून हे नाव टाळतात. तुमची तयारी असेल तर जरूर ठेवा, मला त्या नावाचं फार कौतुक आहे.

३. नाव गावच्या तोंडात घालून पाहा

नाव पुस्तकात कितीही सुंदर दिसो, हाक मारणार गाव. आपल्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. मग इळा हे पृथ्वीचं गोड नाव 'इया' होतं. मृण्मयीचं मुन्मई होतं, क्षितिजाचं शितिजा. ही काही आपल्या बोलीची खोट नव्हे, आपली बोली तशीच आहे आणि राहावी. म्हणून बोलीत शिरल्यावरही गोड राहील असं नाव निवडावं. उर्वराची फार तर 'उरवरा' होते, आणि लाडानं उरू. तेवढं चालतं.

उच्चारासोबत गावात त्या शब्दाला आधीच काय चिकटलं आहे तेही पाहा. कृषी केंद्रात एक चक्कर मारून पोत्यांवरची नावं वाचा. सुफला किती छान शब्द, पण आपल्याकडे सुफला म्हटलं की खताचं पोतं डोळ्यापुढे येतं. उर्वरालाही ही अडचण आहे: हिंदीत खताला उर्वरक म्हणतात आणि पोत्यावर तसं छापलेलं असतं. त्याहून मोठी अडचण 'उर्वरित' या शब्दाची. उरलेलं, शिल्लक. मुलीच्या नावात कोणाला तो शब्द ऐकू आला तर बोचतं, विशेषतः घरात ती दुसरी-तिसरी मुलगी असेल तर. आम्ही यावर घरात बराच खल केला. शेवटी ठरवलं की अर्थ आधीच इतका ठासून सांगायचा की दुसरा शब्द कोणाच्या मनात येऊ नये. तुमच्या घरी एवढं बळ नसेल तर उर्वी घ्या, तेही पृथ्वीचंच नाव आहे.

अवनीचंही तसंच. इतरत्र हे साधं, लोकप्रिय नाव आहे. पण राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी म्हटलं की माणसांना ती टी-१ वाघीण आठवते, जी नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. तिच्या भीतीत ज्यांनी कापूस वेचला त्यांच्या घरी हे नाव सुचवताना विचार करा.

४. घरच्यांशी आधीच बोला

इथे घाई करू नका. 'माती' शब्दाला आपल्या भाषेत दोन बाजू आहेत. काळी आई म्हणतो, आणि माती झाली, मातीमोल झालं असंही म्हणतो. आमच्या मोठ्या काकांनी विचारलं, "जमिनीनं आपल्याले काय देलं, का तिचं नाव पोरीले ठेवता?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. नापिकी, कर्ज, पडलेले भाव यांतून गेलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत त्यामागे गेलेलं माणूस असतं. अशा वेळी "नाव किती वेगळं आहे" हे उत्तर पुरत नाही.

मी काकांना म्हटलं होतं की आपण कोरडवाहू, पाऊस आपल्या हातात नाही, भाव नाही, पण जमीन खोटी नव्हती. नाल्यावरच्या वावरानं आपल्याला कधी नाही म्हटलं नाही. ते पुढे काही बोलले नाहीत, पण बारशाला आले आणि पाळण्याजवळ बसले.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत काढा. मुलीला जमिनीचं नाव ठेवता आहात, तर जमिनीवर तिचं नाव लागणार का? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, आणि महाराष्ट्रानं तर तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. तरी हक्कसोड पत्रावर सही घेणं गावोगाव चालूच आहे. पोरीचं नाव उर्वरा आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं, हे मला पटत नाही. लेकरू पाळण्यात आहे तोवर बापाच्या तोंडून होकार घ्या.

बौद्ध घरांत नाव राशीवरून ठेवत नाहीत, तिथे अर्थाला जास्त वजन असतं. बुद्धानं बोधीच्या क्षणी जमिनीला हात लावून तिला साक्षी ठेवलं, त्या भूमिस्पर्श मुद्रेचा आधार सांगितला तर भूमी, मही किंवा मेदिनी ही नावं सहज मनात बसतात. मही आणि मेदिनी पालीतही आहेत.

५. अक्षर, आणि बारसं

पत्रिकेतून अक्षर निघालं तर निघालं. 'उ' हे कृत्तिका नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं, म्हणजे वृषभ राशीचं अक्षर. तुमच्या बाळाचं अक्षर वेगळं आलं तर राशीचं नाव पत्रिकेपुरतं ठेवा आणि चालतं नाव तुम्हाला हवं ते ठेवा; आपल्याकडे दोन नावांची रीत जुनीच आहे. फक्त राशीचं नाव एकाही सरकारी कागदावर येऊ देऊ नका.

बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं की लगेच मोठ्यानं अर्थही सांगावा. घुगऱ्या वाटताना बाया नाव एकमेकींना सांगतात, तेव्हाच अर्थ सोबत गेला तर गावभर तोच पसरतो.

६. नाव एका कागदावर पक्कं लिहा

बारशाच्या दिवशीच, किंवा त्याआधी, एका कोऱ्या कागदावर बाळाचं पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. उर्वरामधला 'उ' ऱ्हस्व, 'व'वर रफार. इंग्रजीत आम्ही यू-आर-व्ही-ए-आर-ए असं ठरवलं. शेवटी एक 'ए' की दोन, हा वाद याच कागदावर संपवा. त्याचे फोटो बाळाच्या आईच्या, बापाच्या आणि आत्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर तोंडी नाव सांगायच्या ऐवजी हा कागद पुढे करायचा. अनोळखी नाव ऐकून लिहिणारा माणूस त्याला माहीत असलेलं सगळ्यात जवळचं नाव लिहितो. आमच्याकडे एका ठिकाणी 'उर्वशी' लिहिलं गेलं होतं, छापायच्या आधी दिसलं म्हणून बरं.

१ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायची आहेत. कागदावर तोच क्रम धरा.

७. जन्मनोंदणी

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, म्हणून सावकाश वाचा.

नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते. तुमचं गाव कोणतं याला महत्त्व नाही. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि बाळ तिकडच्या दवाखान्यात झालं, तर दाखला तिकडचाच. आपल्या ग्रामपंचायतीत चकरा मारून काही होत नाही. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी झाला तर ग्रामपंचायतीत तुम्हाला कळवावं लागतं, तिथे ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, निबंधक असतात. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना वाट माहीत असते.

मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, ३० दिवसांपासून वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तिथपर्यंत जाऊ देऊ नका.

नाव ठरलं नसेल तर काय? दवाखान्यातून सुट्टी होताना "लवकर नाव सांगा" म्हणून घाई होते आणि घाबरून लोक काहीतरी सांगून मोकळे होतात. असं करू नका. नावाशिवाय नोंद करता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, आणि त्यानंतरही शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण आधी घातलेलं नाव मागाहून बदलणं मात्र जिवावर येतं. म्हणून पक्कं नसेल तर रकाना कोरा राहू द्या.

सोबत हे न्या:
- दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड
- माता-बाल संरक्षण कार्ड
- आई आणि वडील दोघांची आधार कार्डं, त्यांच्या झेरॉक्स
- नाव नंतर घालत असाल तर आईवडिलांच्या सहीचा अर्ज आणि आधीचा बिननावाचा दाखला
- वर सांगितलेला नावाचा कागद
- चालू मोबाइल नंबर

आईचं नाव तिच्या आधारवर माहेरचं आहे की सासरचं, हे घरूनच पाहून निघा. दाखल्यावर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं असं झालं तर पुढे प्रत्येक योजनेत अडतं.

दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलू नका. मराठी नाव, इंग्रजी नाव, जन्मतारीख, लिंग, आईचं नाव, वडिलांचं नाव, एकेक रकाना बोट ठेवून वाचा. संगणकावर इंग्रजीतून मराठी आपोआप उमटतं, आणि धराची धारा होते ती तिथेच.

८. दाखल्यानंतर

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. शाळा, आधार, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, सगळीकडे हाच कागद. त्यामुळे नावासकट दाखला आल्याशिवाय आधार काढायला जाऊ नका. पाच वर्षांखालच्या बाळाचं निळं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात.

मुलगी असेल, १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मली असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर अंगणवाडी सेविकेकडे लेक लाडकी योजनेचा अर्ज भरा. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात. एवढ्या वर्षांत पाच वेळा नाव जुळवून पाहिलं जाणार आहे, म्हणून अंगणवाडीच्या नोंदीतही स्वतः नजर घालून या. 'उरू' किंवा 'छकुली' तिथे लिहिलेलं राहता कामा नये.

९. चूक झालीच असेल तर

अक्षराची, काना-मात्रेची चूक असेल तर जिथे नोंद झाली त्याच निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे. नाव बरोबर कसं आहे हे दाखवणारे कागद जोडा, अर्जाची पोच घ्या. दलालाला पैसे देऊ नका. तो घेतो तोच अर्ज तुम्हीही देऊ शकता. पूर्ण नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा गावच्या आपले सरकार केंद्रात मदतही मिळते. आधार आधी दुरुस्त करून मग दाखल्याकडे जाऊ नका. दाखला आधी, बाकी सगळं त्यानंतर.